पॉवर बीआय: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव, आणि लाख-कोटींचा प्रश्न

लोहार चाळीतील आमच्या घाऊक विक्रीच्या कंपनीत पॉवर बीआय, म्हणजे डेटावरून अहवाल आणि आलेख मांडणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर, सुरू होऊन आता वर्ष होत आले आणि नूतनीकरणाचे बिल टेबलावर आले आहे. त्या निमित्ताने हा अनुभव लिहीत आहे. आम्ही विजेच्या तारा, स्विच आणि एमसीबी विकतो. कार्यालय मुंबईत, गोदाम भिवंडीला आणि हिशेब टॅलीत, तोही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने. डॅशबोर्ड म्हणजे काय आणि स्लायसर कसा लावायचा, हे इथे सांगत बसत नाही. ते शिकवणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही.

निवडीची हकीकत थोडक्यात सांगतो. याच कामासाठीची इतर सॉफ्टवेअर आधी पाहिली. टॅब्लो देखणे आहे, याबद्दल वाद नाही. पण अहवाल तयार करणाऱ्याचा परवाना महिन्याला ७५ डॉलर आणि नुसता पाहणाऱ्याचा १५ डॉलर, आणि आकारणी वर्षाची एकदम, हे ऐकल्यावर शेठनी चहा मागवला आणि विषय तिथेच संपला. मेटाबेस मुक्तस्रोत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवले तर माणशी शुल्क पडत नाही. मात्र ते डेटाबेसवर चालते, टॅली थेट वाचत नाही, आणि सर्व्हरची देखभाल करणारा माणूस आमच्याकडे नाही. लुकर स्टुडिओ फुकट आहे, पण त्यासाठी रोज गुगल शीट भरणार कोण, या प्रश्नाला कोणी हात वर केला नाही. पॉवर बीआयचा 'डेस्कटॉप' प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि एक्सेलवर हात बसलेल्या माणसाला त्यातली पॉवर क्वेरी (डेटा आणून नीट लावण्याचे साधन) परकी वाटत नाही, एवढ्यावर आमची निवड झाली. टॅलीतला डेटा रोज रात्री एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये आणून ठेवण्याचे आणि अहवाल मांडण्याचे काम एका सल्लागाराला दिले.

आता ज्या गोष्टीने माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला, ती सांगतो. पॉवर बीआयमध्ये आकड्यांसाठी 'डिस्प्ले युनिट' निवडण्याची यादी उघडली, तर हजार, मिलियन, बिलियन आणि ट्रिलियन एवढेच पर्याय दिसतात. त्यात लाख नाही आणि कोटीही नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर महिन्याची विक्री '१२.४७ एम' अशी ठळक झळकली, तेव्हा शेठनी विचारले, "हे बारा एम म्हणजे किती धरायचे?" सव्वा कोटीच्या आसपास, असे मी सांगितले. "मग सव्वा कोटीच लिहा की," एवढेच उत्तर आले. त्यावर मला काही बोलता येईना, कारण टॅलीमध्ये आकडे लाखांत किंवा कोटींत दाखवण्याची सोय आधीपासून आहे आणि ती त्यांना माहीत आहे.

सल्लागाराने केलेला पहिला उपाय म्हणजे 'फॉरमॅट' फंक्शन वापरून आकड्याचा मजकूर करणे. त्याने कार्डावर (एकच ठळक आकडा दाखवणाऱ्या चौकटीत) 'कोटी' दिसू लागले, पण मजकुराचा आलेख निघत नाही आणि तक्ता लहान-मोठ्याच्या क्रमाने लावायला गेले की '९ लाख' हे '१.२ कोटी'च्या वर जाऊन बसते. खरा मार्ग मला नंतर सापडला. एप्रिल २०२३ मध्ये मेजरसाठी, म्हणजे सूत्राने काढलेल्या आकड्यासाठी, 'डायनॅमिक' फॉरमॅट आले. त्यात आकडा आकडाच राहतो आणि तो कसा दिसावा हे वेगळ्या सूत्राने ठरवता येते. इथेही एक मेख आहे. फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम टाकून आकडा हजाराच्या पटीतच लहान करता येतो, तर लाख म्हणजे शंभर हजार आणि कोटी म्हणजे दहा हजार हजार. त्यामुळे स्वल्पविरामाने काम भागत नाही. सूत्रातच एक कोटीने भागाकार करून, दोन दशांशांपर्यंतचा आकडा आणि त्यापुढे 'कोटी' हा शब्द, असा तयार मजकूर अवतरणचिन्हांत बांधून द्यावा लागतो. शिवाय मालपरतीचे आकडे ऋण असतात आणि उणे तीन लाख ही रक्कम 'एक लाखाहून मोठी' या अटीत बसत नाही, म्हणून तुलना चिन्ह वगळून करावी लागते. ही गोष्ट लक्षात येईपर्यंत परतीच्या मालाचा स्तंभ उणे तीन लाखांऐवजी भलेमोठे सहा अंक दाखवत होता. आलेखाच्या अक्षावरील आकडे मी सरळ बंद करून ठेवले आहेत.

आर्थिक वर्षाचेही असेच आहे. आपोआप तयार होणाऱ्या तारखांच्या उतरंडीत पहिली तिमाही जानेवारीपासून धरली जाते; वर्षारंभापासूनची बेरीज हवी असेल तर सूत्रात ३१ मार्च ही वर्षअखेर स्वतः द्यावी लागते. सुदैवाने हे काम एकदाच करावे लागते.

गणपतीत मात्र सारा गाडा अडला. कार्यालयातील डेटा क्लाउडवर पोचवण्यासाठी 'गेटवे' नावाचा प्रोग्रॅम सतत चालू असणाऱ्या संगणकावर लागतो. तो लॅपटॉपवर टाकू नये, कारण लॅपटॉप बंद असला, झोपलेला असला किंवा नेटपासून तुटला की डेटा जात नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनातच लिहिलेले आहे. सल्लागाराने तो आमच्या अकाउंटंटच्या लॅपटॉपवर टाकला होता. अकाउंटंट जीएसटीचे काम उरकता यावे म्हणून लॅपटॉप घेऊन कुडाळला गावी गेले. लागोपाठ चार वेळा रिफ्रेश, म्हणजे ठरल्या वेळी डेटा ताजा करणे, फसले की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करते, आणि तसे कळवणारी ईमेल अहवालामागच्या डेटा मॉडेलच्या मालकाला जाते. मालक म्हणून नोंद होती सल्लागाराच्या खात्याची. त्यामुळे अनंत चतुर्दशीनंतरच्या बैठकीत शेठ जुनी थकबाकी पाहून एका व्यापाऱ्यावर चिडले, आणि त्या व्यापाऱ्याने तर पैसे केव्हाच भरले होते.

सल्लागाराचे म्हणणे असे, की हे काम एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) येत नाही आणि व्हिजिटचा चार्ज वेगळा पडेल. गेटवे दुसऱ्या यंत्रावर हलवायचा तर बसवताना ठरवलेली रिकव्हरी की लागते; ती त्याच्याकडे विचारली तेव्हा 'शोधून पाठवतो' असे उत्तर आले आणि पुढे काहीच आले नाही. अखेर लॅमिंग्टन रोडवरून एक जुना डेस्कटॉप आणला, त्यावर नवा गेटवे बसवला, नवी की बिलाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली आणि मॉडेलच्या सेटिंगमधील 'टेक ओव्हर' दाबून मालकी आमच्या खात्यावर घेतली. त्यानंतर डेटाबेसचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, एवढाच काय तो त्रास. तेव्हापासून रिफ्रेश अडलेला नाही.

तोपर्यंत माझे मत असे होते, की आम्ही महागडे एक्सेल घेऊन बसलो आहोत आणि वर्ष संपताच ते बंद करावे. ते बदलले १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३बी(एच)मुळे. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकवले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीस मिळत नाही. आमचे स्विच वसईच्या छोट्या कारखान्यांतून येतात. उधारीच्या वयाचा अहवाल टॅलीतही निघतो. पण दोन कंपन्यांची बिले, कोणाचा लेखी करार आहे आणि कोणाचा नाही याची एक्सेलमधील यादी, आणि मुदत संपायला उरलेले दिवस, हे सारे एका पानावर आम्हाला प्रथमच दिसले. मार्चमध्ये अकाउंटंटनी ते पान पाहून चेक काढले, आणि सीए कार्यालयातून दरवर्षी येणारी प्रश्नांची यादी या वेळी अर्ध्या पानात संपली.

राहिला परवान्यांचा खर्च. पॉवर बीआयचा माणशी 'प्रो' परवाना १ एप्रिल २०२५ पासून महिन्याला १० ऐवजी १४ डॉलर झाला, त्यावर १८ टक्के जीएसटी. आणि तो नुसता अहवाल पाहणाऱ्यालाही लागतो. पाहणारे फुकट हवे असतील तर एफ-६४ किंवा त्याहून मोठी क्षमता, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची राखीव ताकद, विकत घ्यावी लागते, जी आमच्यासारख्यांचे काम नव्हे. यावर सल्लागाराने 'पब्लिश टू वेब' सुचवले होते. त्याने तयार होणारी लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय उघडते, म्हणजे आमचे दर आणि थकबाकी साऱ्या बाजाराला खुली. ते मी तिथेच नाकारले. वापराचा अहवाल काढून पाहिला, तेव्हा विक्री प्रतिनिधींपैकी बहुतेकांनी दिवाळीनंतर एकदाही लॉगिन केलेले नाही, असे दिसले. त्यांना दर सोमवारी त्यांच्या भागाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर मिळते आणि त्यांची काही तक्रार नाही.

म्हणून या वर्षी परवाने फक्त शेठ, धाकटे शेठ, अकाउंटंट आणि मी, एवढ्यांचेच घेतले आहेत. सल्लागाराचे एएमसी नूतनीकरणात धरलेले नाही.