मुंबईच्या उकाड्यात पीसीचा कूलर बदलताना: टॉवर, एआयओ की कस्टम लूप?

पीसी तापतोय म्हणून कूलर बदलायला निघालं की तीन वाटा समोर येतात: पंख्याचा मोठा टॉवर कूलर, तयार लिक्विड कूलर म्हणजे एआयओ, आणि नळ्या, पंप आणि रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) स्वतः जोडून केलेला कस्टम लूप. तिघांची तुलना करणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात, पण त्यातले बरेचसे २०-२२ अंशांच्या खोलीत केलेले असतात. मे महिन्यात एसी बंद असेल तर आपल्या खोलीत ३३ अंश सहज असतात. कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोलीपेक्षा किती वर राहायचं, एवढंच त्याच्या हातात. म्हणून व्हिडिओत ७८ दिसले की आपल्याकडे ८९-९० धरून चालायचं. रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरची तापमानाची मर्यादाच ८९ आहे, म्हणजे तिकडे निवांत चाललेला कूलर इकडे काठावर येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांना चांगला दुहेरी टॉवर, म्हणजे दोन हीटसिंकचा, पुरतो, आणि बऱ्याच जणांना तोही लागत नाही. एआयओ घ्यायला ठोस कारणं आहेत, पण ती जाहिरातीत सांगतात ती नव्हेत. कस्टम लूप हा छंद आहे. तो छंद म्हणूनच करावा, उपाय म्हणून नाही.

खर्च करण्याआधी

साइड पॅनल काढा आणि नेहमीचा गेम किंवा रेंडर अर्धा तास चालू ठेवा. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडे बघत राहा. पॅनल काढल्यावर सीपीयू सात-आठ अंशांनी उतरला तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा आहे. काहीच फरक पडला नाही तर कूलर, चिप आणि कूलरमधली पेस्ट किंवा बसवण्यात गडबड आहे. फुकटातली चाचणी आहे, तरी लोक ती न करता थेट ३६० मिमीच्या रेडिएटरची किंमत विचारतात.

दुसरं, जास्त उष्णता कोण सोडतंय ते बघा. कोअर आय५-१२४००एफ कितीही ताणला तरी ११७ वॉटचा. शेजारचं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड मात्र ३२० वॉटचं. अशा पीसीत सीपीयूला महागडा कूलर लावून काय होणार? ग्राफिक्स कार्डाने तापवलेलीच हवा तो कूलर ओढणार. तिथे पैसे पुढच्या पंख्यांवर लावा आणि कार्डाचं व्होल्टेज थोडं खाली आणा.

आणि तिसरी गोष्ट खास आपल्या घरांतली. जागा कमी, म्हणून सुताराने टेबलाखाली कप्पा करून दिलेला असतो आणि पीसी त्यात चपखल बसतो. मागे प्लाय, दोन्ही बाजूंना प्लाय. मागून बाहेर पडलेली गरम हवा फिरून पुढूनच आत जाते. त्या कप्प्याचा मागचा प्लाय काढणं हे मी सुचवलेलं सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही, सुतार सोडून.

पुढे बंद काच असलेलं कॅबिनेट असेल तर मॉडिंगचं पहिलं काम तिथेच. काच काढून जाळी बसवायची. पत्रा कापायचा असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे फक्त रिकामं कॅबिनेट न्या, आतला एकही भाग ठेवू नका. ग्राइंडरचा बारीक लोखंडी कीस मदरबोर्डवर पडला तर कूलरचा विषयच संपतो.

राहिली वीज. रायझन ९ ७९५०एक्स मूळ सेटिंगवर २३० वॉटपर्यंत जातो. बायॉसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधला) १०५ वॉटचा ईको मोड लावला की सॉकेटला १४२ वॉटची मर्यादा पडते, आणि रेंडरच्या वेळेत होणारा तोटा त्या मानाने बराच कमी असतो. कोअर आय९-१४९००केची अधिकृत मर्यादा २५३ वॉट, पण बरेच मदरबोर्ड ती मुळात पाळतच नसत. ती मर्यादा लावून घ्या. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिपवर असाल तर बायॉसही नवा हवा. अस्थिरतेच्या तक्रारींनंतर इंटेलने २०२४मध्ये त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आहे.

टॉवर आणि एआयओ समोरासमोर

गंमत म्हणजे टॉवर कूलरमध्येही पाणी असतंच. तांब्याच्या हीटपाइपच्या आत, हवा काढून घेतलेल्या पोकळीत, थोडंसं पाणी असतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, धातूच्या पातळ पत्र्यांच्या, म्हणजे पंखांच्या, बाजूला ती थंड होऊन परत पाणी होते आणि आतल्या जाळीतून माघारी येते. याला पंप नाही, त्यामुळे पंप बिघडण्याचा प्रश्नच नाही. एआयओत हेच काम पंप करतो आणि उष्णता लांबच्या रेडिएटरपर्यंत नेतो. त्याचा खरा फायदा हा की रेडिएटर मोठा असू शकतो आणि तो कॅबिनेटच्या कडेला, बाहेरच्या हवेजवळ बसतो.

दुसरा फायदा बराचसा चाचणीत दिसण्यापुरता आहे. पाण्याला तापायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांच्या चाचणीत एआयओ फार पुढे दिसतो, कारण आतलं द्रव्य अजून गरमच झालेलं नसतं. तेच काम दोन तास चालू ठेवा, द्रव्य तापून स्थिर झालं की फरक आटतो. २४० मिमीचा एआयओ आणि चांगला दुहेरी टॉवर लांबच्या रेंडरमध्ये बऱ्याचदा खांद्याला खांदा लावून चालतात. ३६० मिमीचा मात्र २०० वॉटच्या वरच्या चिपवर उजवा ठरतो, तिथे वाद नाही. त्यामुळे तुमचं काम कसलं आहे ते महत्त्वाचं. फोटोशॉप, कोड कंपाइल करणं, असे छोटे झटके असतील तर एआयओचे पंखे शांत राहतात. रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्याला ही चैन मिळत नाही.

नुसत्या अंशांवर निकाल लावू नका, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवर. रायझन ७००० मालिकेतल्या एक्स चिप पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जायच्या अशाच बनवल्या आहेत. चांगला कूलर लावला तरी आकडा ९५च दिसू शकतो. वाढतो तो क्लॉक, म्हणजे चिपचा वेग. तेव्हा कूलर बदलण्याआधी आणि नंतर सिनेबेंच ही वेगाची चाचणी चालवून गुण आणि पंख्यांचा वेग टिपून ठेवा.

आवाजाबद्दल एकच सांगतो. डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर फिरत असेल तर २५ आणि ३० डेसिबलमधला फरक कुणालाही ऐकू येत नाही. त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे ते फक्त एसी खोलीत बसून व्हॉइसओव्हर करणाऱ्याने.

मापं मात्र पट्टीने घ्या. नॉक्च्युआचा एनएच-डी१५ १६५ मिमी उंच, डीपकूलचा एके६२० १६०, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५. कॅबिनेटची मर्यादा १५८ असेल तर यातला एकच बसतो. एआयओत उंचीचा प्रश्न नसतो, जाडीचा असतो: साधा रेडिएटर २७ मिमी आणि वर पंखा २५, म्हणजे ५२. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३चा रेडिएटरच ३८ मिमीचा, पंख्यासकट ६३. छतापासून मदरबोर्डच्या हीटसिंकपर्यंत तेवढी मोकळी जागा जुन्या कॅबिनेटमध्ये सहसा नसते. मग तो पुढे लावावा लागतो आणि त्याची गरम हवा ग्राफिक्स कार्डाच्या तोंडावर येते. वर लावला तर उलट, कार्डाची गरम हवा रेडिएटरला. गेमिंगला वर, सीपीयूच्या कामाला पुढे, असं मी करतो. कुठेही लावा, पंप हा सगळ्यात उंच बिंदू होता कामा नये. आतली हवा पंपात साचली की गुडगुड सुरू होते आणि पंपाचं आयुष्य घटतं.

बिघडण्याची तऱ्हा हा माझ्या लेखी सर्वात मोठा फरक. टॉवरचा पंखा गेला तर आकडे हळूहळू चढतात, हजारेक रुपयांत कुठलाही १२० मिमीचा पंखा आणून क्लिपने अडकवला की काम झालं. हीटसिंक पिढ्यान्‌पिढ्या चालतो. एआयओचा पंप गेला तर मिनिटभरात चिप मर्यादेला टेकते. एक नळी चटका देणारी आणि दुसरी गार लागली तर पंप गेला समजा. दुरुस्ती होत नाही, अख्खा बदलायचा. पंप टिकला तरी नळ्यांच्या रबरातून द्रव्य वर्षानुवर्षं अगदी हळू उडत राहतं. पाच-सहा वर्षं हे त्याचं धरून चालायचं आयुष्य. गळती क्वचित होते, पण होते तेव्हा बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड असतं.

धूळ, फोडणी आणि खारा वारा

आपल्याकडची धूळ कोरडी नसते. शेजारच्या इमारतीचं पुनर्विकासाचं काम, रस्त्याचं खोदकाम, आणि वर स्वयंपाकघरातल्या फोडणीचा तेलकट धूर, असा थर पंख्यांच्या पात्यांवर करड्या चिकट नमद्यासारखा बसतो. वन-रूम-किचनमध्ये तर दोन-तीन महिन्यांत. टॉवरचे पंख सरळ आणि मोकळे असतात; पंखा काढायचा, मऊ ब्रश फिरवायचा, ब्लोअर मारायचा, दहा मिनिटांत उजेड आरपार दिसतो. रेडिएटरचे पंख बारीक, नागमोडी, आणि थर नेमका पंखा आणि रेडिएटर यांच्या फटीत बसतो. तो काढायला पंख्यांचे सगळे स्क्रू सोडवावे लागतात, म्हणून कुणी सोडवत नाही. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्रालगतच्या घरांत खारी हवा ॲल्युमिनियमचे पंख खाते. एसीवाले हे रोज बघतात. एआयओचा रेडिएटर जवळजवळ नेहमी ॲल्युमिनियमचा असतो, चांगले टॉवर निकेल चढवलेले असतात. अशा घरात माझं झुकतं माप टॉवरला.

पावसाळ्यात पाणी साचून शॉर्ट होईल अशी भीती बरेच जण बोलून दाखवतात. कूलरमुळे तसं होत नाही. ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असताना दव धरायला वस्तू साधारण २६ अंशांच्या खाली असावी लागते. चालू पीसीतलं पाणी खोलीपेक्षा नेहमी गरमच असतं. दव धरतं ते पेल्टिअरच्या, म्हणजे विजेने थेट गारवा करणाऱ्या, कूलरवर, कारण तो खोलीच्या खाली नेतो. मुंबईत तो प्रयोग करूच नका.

भाड्याचं घर असेल तर

अकरा महिन्यांचा करार, मग टेम्पो, मग दुसरं घर. इथे एआयओ जिंकतो. पंखे धरून १३२० ग्रॅमचा एनएच-डी१५ उभ्या मदरबोर्डवर लटकत असताना टेम्पो खड्ड्यांतून गेला तर ताण बोर्डावर येतो. टॉवर असेल तर कॅबिनेट आडवं ठेवून न्या, बोर्ड खाली आणि कूलर वर, किंवा सरळ काढून न्या. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर काढताना आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा आणि कूलर हलकेच पिळत सोडवा. गार पेस्टवर सरळ ओढला तर सॉकेटचा लॉक बंद असतानाही प्रोसेसर उपटून हातात येतो, आणि मग वाकलेल्या पिना सरळ करत बसायचं. कस्टम लूप तर रिकामाच करावा लागतो.

कस्टम लूप कुणी करावा

ज्याला करायची हौस आहे त्याने. सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पाण्यावर आणले की मोठं कार्ड खरंच शांत होतं, हे मान्य. पण चांगल्या भागांचा खर्च पन्नास हजारांच्या पुढेच धरा, वर्षातून एकदा द्रव्य बदला, आणि तांबं-पितळेच्या लूपमध्ये ॲल्युमिनियमचा एकही तुकडा घालू नका, तो गंजतो. नळाचं किंवा आरओचं पाणी चालत नाही. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक. आणि लूप कितीही भारी असला तरी उष्णता खोलीतच पडते. ५०० वॉट ओढणारा पीसी म्हणजे एक टनाच्या एसीच्या क्षमतेचा सातवा भाग. दहा बाय दहाच्या बंद खोलीत ती उष्णता खिडकीबाहेर जाईल याची सोय आधी करा.

घ्यायचं ठरलंच तर

१२० वॉटच्या आतली चिप असेल तर अडीच-तीन हजारांचा एकेरी टॉवर. त्यावर २०० वॉटपर्यंत चार-पाच हजारांचा दुहेरी टॉवर. मापात बसत असेल तर इथेच थांबा. २०० वॉटच्या पुढे आणि तासन्‌तास भार असेल, कॅबिनेट बुटकं असेल, किंवा दर वर्षी घर बदलत असाल तर एआयओ. त्यात २४०वर वाचवलेले पैसे वाया जातात, ३६० बसत असेल तर तोच घ्या.

लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जा आणि दोन-चार दुकानांत भाव काढा, पण पक्कं जीएसटी बिल सोडू नका. टॉवरला कच्च्या बिलावर एक वेळ निभावतं, एआयओला नाही, कारण त्याची वॉरंटी तुम्हाला खरोखर वापरावी लागू शकते. गळतीने दुसरा भाग गेला तर भरपाई कोण देणार, हे बिल करण्याआधी लेखी विचारा. काउंटरवरच खोका उघडून ब्रॅकेट बघा: इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचं ब्रॅकेट १८५१ला चालतं, १२००चं १७००ला चालत नाही. जुन्या मालात एएम५चे स्क्रू नसतात. बोर्डाचं नाव फोनमध्ये लिहून न्या आणि दुकानदाराच्या "सगळ्याला बसतं" यावर विसंबू नका.