रिनोव्हेशनचं काम ताब्यात घेताना: स्वतः तपासायचं, ओळखीचा मिस्त्री आणायचा की पैसे देऊन माणूस बोलवायचा?

पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या जुन्या टू बीएचकेचं काम संपलं, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, एकदा बघून घ्या आणि फायनल करून टाका." बघायचं म्हणजे काय आणि कोणी? मी तिन्ही प्रकार केले. तुमचं अजून ठरत नसेल तर माझा हिशेब असा.

स्वतः तपासायला रुपयाचं नाणं, मोबाइलचा टॉर्च, बादली आणि अर्धा दिवस पुरतो. फरशीवर नाणं वाजवत जायचं. खाली माल नीट भरला नसेल तिथे आवाज पोकळ येतो. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा मारला की पुट्टीचे उंचवटे लगेच दिसतात. दिवसाच्या सरळ उजेडात तीच भिंत गुळगुळीत वाटते. सिंकखालच्या कपाटाच्या दाराची खालची कड बोटाने चाचपा. तिथे पट्टी लावायची राहिली असेल तर प्लाय वर्षभरात फुगतो. आणि नहाणीत बादली ओता. आमच्याकडे सगळं पाणी जाळीकडे गेलं, कमोडमागे मात्र बशीएवढं साचून राहिलं. "वायपर मारायचा की ताई," असं उत्तर मिळालं. स्वतः तपासण्यातली खरी अडचण हीच: दोष दिसतो, पण समोरच्याच्या आत्मविश्वासापुढे आपण गप्प बसतो.

ओळखीचा मिस्त्री स्वस्तात येतो, चहावरही येतो. ओळंबा, गुण्या, पाणसळ ही उभं, काटकोन आणि पातळी बघायची हत्यारं घेऊन आला तर चौकटी आणि कोपऱ्यांतला वाकडेपणा त्याच्याइतका चटकन कोणी पकडत नाही. पण तो एकतर धंद्यातल्या माणसाला सांभाळून घेतो, नाहीतर सगळंच फोडायला सांगतो, कारण पुढचं काम त्यालाच मिळणार असतं. आमच्या मिस्त्रीने दोन पोकळ फरश्यांवरून अख्खी नहाणी रद्द ठरवली.

पैसे घेऊन तपासणारे बहुतेक चौरस फुटावर आकारतात. ओल मोजायचं मीटर, थर्मल कॅमेरा आणि फोटोंसह लेखी अहवाल, हे त्यांचं भांडवल. कॅमेऱ्याला भुलू नका. तो भिंतीच्या आत बघत नाही, पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. कोरड्या नहाणीत तो काय सांगणार? म्हणून आदल्या दिवशी जाळी बंद करून २४ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या काकूंना छत बघायला सांगायचं. अर्थिंग मोजून देणार का, हे आधीच विचारून घ्या. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. त्यावरचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो, म्हणजे तो स्विच चालतो एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही, ते त्यातून कळत नाही.

नुसता रंग आणि फर्निचर असेल तर मी कोणालाही पैसे देणार नाही. नहाणी फोडली असेल किंवा वायरिंग नवं असेल, तर मात्र पैसे देऊन माणूस आणीन. आणि एकदाच बोलावणं परवडणार असेल तर ताब्याच्या दिवशी नाही, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसण्याआधी. तेव्हा पाणी साठवून गळती दिसली तर थोडक्यात निभावतं.

रेराच्या, म्हणजे बिल्डरांना लागू असलेल्या कायद्याच्या भरवशावर राहू नका. त्यातली बांधकामातल्या दोषांसाठीची ५ वर्षांची जबाबदारी नवा फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरची. आपल्या कॉन्ट्रॅक्टरशी असतो तो आपला करार, फार तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यामुळे किती महिन्यांत काय फुकट दुरुस्त करून देणार, हे अंतिम बिलावरच लिहून घ्यायचं.

आणि हो, ताबा गुरुवारी ठेवू नका. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी आणि वीज बंद ठेवायची तर बहुधा गुरुवारच निवडतात. काय तपासणार मग? एप्रिल-मेमध्ये काम संपलं तर खिडक्यांच्या कडा आणि गच्चीपुरती थोडी रक्कम जूनचे एक-दोन जोरदार पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. कामाच्या सुरुवातीलाच हे बोललं तर कॉन्ट्रॅक्टर कुरकुरतो, पण मान्य करतो.

ती बशी आता नाही. वायपरवाल्या साहेबांसमोर अहवालातला फोटो ठेवला, शेवटचा हप्ता अजून माझ्याकडेच होता. चार फरश्या उचलून ढाळ नीट करायला त्यांना दोन दिवस लागले.