नाशिकमधल्या स्ट्रॅटेजी कार्यशाळा: पहिला दिवस घ्या, दुसरा जपून

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतले लघुउद्योजक आणि द्राक्ष-कांदा निर्यातदार यांच्यासाठी नाशिकमध्ये दोन दिवसांच्या स्ट्रॅटेजी कार्यशाळा होतात. साचा बहुतेक ठिकाणी एकच. पहिल्या दिवशी व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांचे फाइव्ह फोर्सेस, म्हणजे धंद्यावर दाब आणणाऱ्या पाच ताकदींचा तक्ता: आजचे स्पर्धक, नवे येणारे, ग्राहक, पुरवठादार आणि पर्यायी वस्तू. दुसऱ्या दिवशी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा चौकोन, ज्यात बाजारहिस्सा आणि बाजाराची वाढ यांवरून उत्पादनांची विभागणी होते. शेवटी तोंडी लावायला स्वॉट, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांची यादी. पोर्टर यांचा मूळ लेख १९७९ चा, चौकोन १९७० चा. एवढं जुनं सामान आज पैसे देऊन घ्यावं का? अर्धं घ्यावं.

जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणाऱ्या युनिटला पोर्टर यांचा तक्ता अजूनही चपखल बसतो. मात्र रकान्यांत विशेषणं नकोत, आकडे हवेत. 'ग्राहकाची ताकद जास्त' असं लिहून हाती काही लागत नाही. सर्वांत मोठ्या ग्राहकाचा उलाढालीतला वाटा किती टक्के, बिल किती दिवसांनी सुटतं, डाय-फिक्स्चर कोणाच्या मालकीचे, कच्चा माल ग्राहक सांगेल त्याच्याकडूनच घ्यावा लागतो का, हे लिहा. इथेच कायदाही मांडायला हवा. करार काहीही असो, सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) उशिरा दिलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येते. छापील तक्त्यात याचा उल्लेख नसतो, आणि खोलीत बसलेल्यांचं मुख्य दुखणं नेमकं तेच असतं.

सगळ्यात जास्त घोळ 'पर्यायी वस्तू' या रकान्यात होतो. डिझेल इंजेक्टरचे सुटे भाग करणारा तिथे शेजारच्या गाळ्याचं किंवा चिनी पुरवठादाराचं नाव टाकतो. ती झाली स्पर्धा. त्याचा खरा पर्याय म्हणजे इलेक्ट्रिक मोटर, जिला इंजेक्टर लागतच नाही. हे कळलं तरी पहिल्या दिवसाची फी वसूल.

निर्यातदार मात्र याच तक्त्यावर अडखळतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. ४ मे २०२४ ला उघडली ती टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? सरकार हा सहावा फोर्स नाही, ते उरलेल्या पाचांमधूनच काम करतं, असं पोर्टर यांचं म्हणणं. तसं ते खरंही आहे: बंदी लागली की बाहेर जाणारा माल लासलगावातच तुंबतो आणि इथल्या खरेदीदाराचा हात वर होतो. पण तक्ता हे घडून गेल्यावर समजावतो, आधी सावध करत नाही. जाणता प्रशिक्षक इथे पंकज घेमावत यांची २००१ ची 'अंतरा'ची चौकट जोडतो: सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक, आर्थिक. द्राक्षाला ती नेमकी लागू पडते. बांगलादेश जवळ, पण आयात शुल्क जड. युरोप लांब, आणि वर रेसिड्यूची, म्हणजे फळात उरलेल्या रसायनांच्या अंशांवरच्या मर्यादेची कात्री. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशामुळे तिथे द्राक्षं अडकली होती. तांबडा समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागल्यावर तर भौगोलिक अंतरही स्थिर राहिलं नाही. कंटेनरमधले दहा-पंधरा दिवस वाढले की देठ सुकतात, मणीगळ होते.

दुसऱ्या दिवसाचा चौकोन लहान युनिटला जवळजवळ निरुपयोगी. त्याच्या आडव्या अक्षावर सर्वांत मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेत बाजारहिस्सा मांडायचा असतो. लेथवर टर्निंगचे पार्ट करणाऱ्याने जगाचा बाजार धरला तर सगळेच पार्ट 'डॉग', म्हणजे हिस्सा कमी, वाढ कमी. नाशिकपुरता धरला तर त्यातलाच एखादा 'कॅश काऊ', म्हणजे वाढ कमी पण हिस्सा मोठा. त्याऐवजी एका अक्षावर मशीन-तासामागचं कॉन्ट्रिब्युशन (विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम) आणि दुसऱ्यावर ग्राहकाच्या मागणी-शेड्यूलची वाढ-घट घ्या, म्हणजे कोणता पार्ट सोडायचा ते दिसतं. स्वॉट तासाभरात उरकतात, त्याबद्दल तक्रार नाही.

जाताना ग्राहकनिहाय विक्री, येणी किती दिवस थकली त्याची यादी आणि पार्टनिहाय सायकल टाइम (एक नग करायला लागणारा वेळ) सोबत न्या. निर्यातदारांनी देशनिहाय शुल्क आणि नाकारलेल्या मालाची कारणं न्यावीत. नोंदणीआधी एक विचारा: तक्ते आमच्या आकड्यांवर भरून घेणार की कोला कंपन्यांच्या उदाहरणावर? कोलाचं नाव निघालं तर फी भरू नका.