एकाच सर्व्हरवर तीन ऑपरेटिंग सिस्टीम : पॉवर एस९१४

बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात आयबीएमचा पॉवर एस९१४ हा सुरुवातीच्या श्रेणीतला सर्व्हर आहे. त्यावर साठा व हिशेब आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टीमवर, विक्रेत्यांचे पोर्टल लिनक्सवर आणि एक जुने पॅकेज एआयएक्सवर, असे तीन स्वतंत्र पार्टिशनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या वेगळ्या केलेल्या भागांत, चालते. १९८८ च्या एएस/४०० पासून चालत आलेली आयबीएम आय आणि युनिक्स घराण्यातील एआयएक्स यांची यंत्रे २००८ पर्यंत वेगवेगळ्या नावांनी विकली जात. ती पॉवर मालिकेत एकत्र आल्यामुळे अशी मांडणी सोपी झाली.

खरा फायदा प्रोसेसरच्या वाटणीत आहे. एका पार्टिशनला प्रोसेसरच्या एका कोअरचा (गणना करणाऱ्या एककाचा) विसावा भागही देता येतो, आणि मर्यादा मोकळी ठेवली तर एकाचा पडून असलेला वाटा दुसऱ्याला आपोआप मिळतो. महिनाअखेरीच्या रात्री पोर्टलवर कोणी नसते, तेव्हा आयबीएम आयचा वापर तिला नेमून दिलेल्या वाट्याच्या वर जातो आणि सकाळी खाली येतो. मात्र तिचे लायसन्स कोअरप्रमाणे मोजले जात असल्यामुळे व्हर्च्युअल प्रोसेसरची (पार्टिशनला दिसणाऱ्या प्रोसेसरची) संख्या आधीच बांधून ठेवावी. हे विक्रीच्या वेळी कोणी आपणहून सांगत नाही. पोर्टलवरून साठ्याची चौकशी झाली, तर ती सर्व्हरच्या आतल्या आतच पूर्ण होते, बाहेरच्या स्विचपर्यंत जात नाही.

तोट्यांची बाजू कागदावर लहान दिसते, प्रत्यक्षात तशी नाही. पार्टिशनना डिस्क आणि नेटवर्क वाटून देणारा व्हीआयओएस (व्हर्च्युअल आय/ओ सर्व्हर) हा स्वतःच एआयएक्सवर बेतलेला आहे, म्हणजे सांभाळायच्या सिस्टीम तीन नसून चार होतात. तो एकच ठेवला तर त्याच्या रीस्टार्टबरोबर त्याच्यावर विसंबलेली सगळी पार्टिशन अडतात. दोन ठेवले तर मेमरी आणि कार्डे जास्त लागतात. फर्मवेअरची (यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती घालताना अख्खा सर्व्हर बंद करावा लागतो, आणि त्यासाठी लेखा, खरेदी व उत्पादन या तिन्ही विभागांना सोयीची एकच वेळ शोधणे हे तांत्रिक कामापेक्षा अवघड आहे. बॅकअपच्या पद्धतीही तीन. आयबीएम आयवरची आरपीजी ही प्रोग्रामिंग भाषा उत्तम जाणणाऱ्या माणसाला एआयएक्सची बॅकअप प्रतिमा परत कशी चढवायची हे ठाऊक असेलच असे नाही.

लिनक्सबाबत एक सावधगिरी हवी. एका विक्रेत्याने ‘लिनक्सवर चालते’ म्हणून दिलेले बारकोडचे सॉफ्टवेअर इंटेल प्रोसेसरसाठी बांधलेले निघाले आणि येथे सुरूच झाले नाही. विंडोज तर या सर्व्हरच्या पॉवर प्रोसेसरवर चालतच नाही, त्यामुळे टॅलीचे मशीन शेजारी वेगळे आहेच.

आयबीएम आयच्या डेटावर सतत अवलंबून असलेल्या लिनक्ससाठी ही मांडणी मी निःसंकोच सुचवीन. केवळ जागा शिल्लक आहे म्हणून तिसरी सिस्टीम आणू नये. आमचे एआयएक्सचे पॅकेज बदलले जाताच ते पार्टिशन काढून त्याची मेमरी लिनक्सला देण्याचे ठरले आहे.