टीफोरके ट्रेनर: यानं दात काढणं टळतं का?

मुलाचे समोरचे दात ओठांच्या पुढे येताना दिसले, की हल्ली पालकांच्या हाती एक निळा, मऊ, दोन्ही जबड्यांच्या मध्ये बसणारा साचा येतो. ऑस्ट्रेलियाच्या मायोफंक्शनल रिसर्च कंपनीचा हा टीफोरके ट्रेनर साधारण 6 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी आहे. माप एकच, त्यामुळे दातांचा ठसा घ्यावा लागत नाही. जीभ आणि ओठांनी दातांवर दाब देण्याची सवय मोडायचं साधन म्हणून तो चांगला आहे. मात्र ‘पुढे चार दात काढावे लागणार नाहीत’ या भरवशावर घेतला, तर बहुतेकदा निराशाच पदरी पडते.

वरच्या पुढच्या दातांमागे जिभेचं टोक टेकवायला एक उंचवटा आहे, जीभ दातांमध्ये घुसू नये म्हणून आडोसा आहे, आणि खालच्या ओठानं दातांवर जोर देऊ नये म्हणून बाहेरून बारीक गाठी. दिवसा किमान 1 तास आणि रात्रभर, ओठ मिटून, नाकानं श्वास घेत तो घालायचा. निळा 6 ते 8 महिने, मग कडक गुलाबी 6 ते 12 महिने. दिवसाचा तास गाळून नुसता रात्री घातला, तर फारसं काही होत नाही. गिळताना जीभ दातांवर जेमतेम सेकंदभर दाबते. दिवसात हजार वेळा गिळलं तरी एकूण 17 मिनिटंसुद्धा होत नाहीत. दात सरकवतो तो जीभ आणि ओठ स्वस्थ असतानाचा हलका, पण तासन्‌तास टिकणारा दाब.

पैसे मोजण्याआधी मुलाला ओठ मिटायला सांगा आणि हनुवटीकडे बघा. तिथे संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडत असतील, तर ओठ मिटायला हनुवटीचा स्नायू ओढून घ्यावा लागतोय. हे सवयीमुळे की दातच फार पुढे आहेत म्हणून, हा खरा प्रश्न. दोन्ही जबड्यांचे दात पुढे असतील तर नुसत्या व्यायामानं ओठ पुरे पडत नाहीत. अशा वेळी कायमचे दात आल्यावर चार पहिल्या उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या लगेच मागचे दात, काढतात. प्रत्येकीची जागा सुमारे 7 मिमी, म्हणजे एका जबड्यात 14. पुढचे दात मागे घेतले, की ओठ विनासायास मिटतात.

‘दात काढले की चेहरा चपटा होतो’ ही भीती अर्धीच खरी. दातांची गर्दी जास्त असेल तर ती जागा दात सरळ करण्यातच संपते, ओठ फारसे हलत नाहीत. गर्दी कमी, ओठ आधीच पातळ आणि आत, अशा चेहऱ्यात मात्र धोका खरा आहे. तिथे दुसरं मत घ्याच. किती मिमी जागा कमी आहे आणि बाजूनं काढलेल्या सेफॅलोमेट्रिक एक्स-रेमध्ये पुढचे दात किती झुकलेत, हे दोन आकडे डॉक्टरांकडून मागून घ्या.

खालची गर्दी 3-4 मिमीच असेल तर ट्रेनरपेक्षा साधी लिंग्वल आर्चची तार सरस, म्हणजे खालच्या दातांच्या आतून, एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत जाणारी तार. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे खाली दर बाजूला सरासरी 2.5 मिमी जागा सुटते. तार ती धरून ठेवते. दुधाची शेवटची दाढ पडण्याआधी बसवली तरच उपयोग. नंतर मागची दाढ पुढे सरकून ती जागा खाते.

ट्रेनर सुरुवातीला रात्री तोंडातून पडतो. तसं झालं तर दिवसाचा वेळ वाढवा. महिनाभरानंतरही पडतच असेल तर नाक तपासा: एडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले असताना तोंड बंद ठेवण्याची सक्ती करणं चूक आहे, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. मुलं निळा चावून फाडतात. फाटका वापरू नका. धुवायला कोमट पाणी आणि ब्रश, उकळतं पाणी नको. अरुंद टाळू रुंद करणं किंवा पुढे आलेला खालचा जबडा मागे घेणं याच्या आवाक्यातलं नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकला तपासणीशिवाय मुलाच्या तोंडात घालू नका.

दात काढून तारांचे उपचार झाले तरी स्नायूंचा विषय संपत नाही. जीभ पुढच्या दातांमध्ये ठेवायची सवय राहिली तर वरखालच्या दातांत पुन्हा फट पडते, म्हणून रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचं साधन) देतानाच जीभ टाळूला टेकवण्याचा सरावही सुरू करून घ्या.