जेट बोटीच्या पंपात दोर अडकला: पाण्यातच काढावा, ट्रेलरवर घ्यावी की पंप उघडावा?

दोर गेला की आधी आवाज बदलतो. इंजिन एकदम जड ओढायला लागतं, पायाखाली धडधड जाणवते आणि बोट जागीच बसते. मागच्या उन्हाळ्यात रामटेककडच्या एका तलावावर आमच्या बोटीत ट्यूब ओढायचा दोर असाच गेला. बोटीवरचा मुलगा हुशार, पण हात बसलेला आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनावर. त्यानं सवयीनं लिव्हर रिव्हर्सला टाकला आणि रेस दिली. मी काठावरून ओरडलो, "बंद कर बे! पहिले चावी काढ!" तोवर दहा-बारा सेकंद निघून गेले होते. दोर सुटायला मग अख्खी दुपार लागली.

आउटबोर्डला रिव्हर्स टाकला की पंखा खरोखर उलटा फिरतो, त्यामुळे गुंडाळलेली दोरी कधी कधी आपोआप सुटते. आपल्याकडे चालणाऱ्या बहुतेक छोट्या जेट बोटींत तसं होत नाही. इंजिन थेट शाफ्टला, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्याला, जोडलेलं असतं आणि शाफ्ट एकाच दिशेनं फिरतो. लिव्हर मागे घेतला की नोझलच्या, म्हणजे धार बाहेर पडते त्या तोंडाच्या, मागे फक्त एक बादलीसारखी झडप (तिला बादलीच म्हणतात) खाली येते आणि पाण्याची धार पुढे वळवते. इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, तसाच सुलट फिरत राहतो. म्हणजे रिव्हर्स टाकून रेस दिली तर दोर सुटत नाही, आणखी आवळतो. स्टार्टर टिचक्या मारत दोर ओढायचा सल्लाही काही जण देतात. तोही याच कारणानं चुकीचा, शिवाय ओढणाऱ्याची बोटं जायची भीती. काही नव्या मॉडेलांत पंप उलटा फिरवून कचरा बाहेर टाकायची सोय असते. ती गवत आणि इकॉर्नियासाठी (जलपर्णी) बरी, शाफ्टवर पीळ बसलेल्या दोरासाठी तिच्यावर विसंबू नका.

म्हणून कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याआधी एकच गोष्ट विचारा: दोर अडकल्यावर इंजिन किती वेळ फिरलं? ओढायचे तरंगते दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं. शाफ्टवर घासून तेवढी उष्णता सहज तयार होते. लगेच बंद केलं असेल तर आत नुसती गुंडाळी असते. रेटून चालवलं असेल तर आत दोर उरतच नाही, शाफ्टवर प्लास्टिकची कडक नळी बसलेली असते.

पाण्यातच, वरच्या झाकणातून

लगेच बंद केलं असेल आणि बोटीला मागच्या बाजूला सफाईचं झाकण असेल, तर आधी हेच करा. चावी आणि सेफ्टीची दोरी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, दुसऱ्या कोणाकडे देऊ नका. पोहणारे सगळे वर घ्या आणि पुढे बसवा. मागे गर्दी झाली की बोट मागून दबते आणि झाकणाच्या तोंडाशी पाणी येतं. हातमोजे घाला, इम्पेलरच्या कडा धारदार असतात. मग इम्पेलर हातानं उलट दिशेनं पाव-अर्धा फेरा द्या आणि तेवढीच ढील ओढून घ्या. पुन्हा पाव फेरा, पुन्हा ढील. दुसऱ्यानं दोराचं बाहेरचं टोक नुसतं ताणून धरायचं, हिसका द्यायचा नाही. हिसक्यानं गाठ बसते.

वीस मिनिटांत बरीचशी ढील हाती आली, तर याच्याइतका चांगला मार्ग नाही. दोरसुद्धा कापावा लागत नाही. पण वीस मिनिटांत हातभर दोरही सुटला नाही, तर थांबा. मे महिन्यात नागपूरकडचं ऊन डोक्यावर असताना उलटं लटकून तासभर खटपट करणाऱ्याला चक्कर येते, आणि चक्कर आलेल्या माणसाच्या हातात चाकू नको.

ट्रेलरवर, खालून

काठ जवळ असेल आणि ट्रेलर असेल, तर मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत पटतो. बोट ओढून आणायला थोडा वेळ जातो, पण खाली आडवं झालं की तळाच्या, पंपात पाणी घेणाऱ्या जाळीतून शाफ्ट समोर दिसतो. दिसत असलं की चुका कमी होतात. जाळीचे बोल्ट काढले तर अख्खा हात आत जातो.

हत्यार साधं. हॅक्सॉ ब्लेडचा अर्धा तुकडा, एका टोकाला जाड चिकटपट्टी गुंडाळलेला. त्याबरोबर आकड्यासारखा वाकडा चाकू आणि लांब चोचीची पक्कड. ब्लेड शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं चालवा आणि एका ओळीत सगळे वेढे कापत जा. गोल गोल कापत बसलात तर प्रत्येक वेढा वेगळा काढावा लागतो. आमच्या वेळी वरचे वेढे दोर म्हणून निघाले, खालचे निळ्या पापुद्र्यांसारखे, नखानं सोलावे लागले. शाफ्ट बोटीत शिरतो तिथल्या सीलजवळ मात्र ब्लेड नेऊच नका. तिथे चाकू लागला तर दोर निघेल, पण पाणी आत यायला लागेल.

दोराला जीप किंवा ट्रॅक्टर लावून ओढू नका. आच तर मुळीच देऊ नका, वर पेट्रोलची टाकी आहे.

पंप उतरवून

हा मार्ग फक्त दोन वेळा घ्यावा: दोर वितळून इम्पेलर आणि भोवतालच्या कड्याच्या मध्ये शिरला असेल तेव्हा, किंवा सगळं काढूनही बोट थरथरत असेल तेव्हा. ती फट एक मिलिमीटरहूनही कमी असते, तिथे ब्लेड जात नाही.

स्टिअरिंग आणि बादलीच्या केबली सोडायच्या, नोझल काढायचं, मग पंपाचे बोल्ट. काही बनावटींत शाफ्ट पंपाबरोबर बाहेर येतो, काहींत आतच राहतो. आधी मॅन्युअल बघा, नाहीतर जोर लावण्यात शाफ्टच्या टोकाच्या खाचा बिघडतील. जोडताना खाचांना पाण्यात टिकणारं ग्रीस आणि बोल्ट टॉर्क पान्यानं. टॉर्क पाना नसेल तर हे काम अंगावर घेऊ नका. हाताशी जाणकार मेकॅनिक नसेल तर बोट नेण्याऐवजी पंपच खोक्यात भरून मुंबईकडे पाठवता येतो. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरवर ट्रेलर ओढण्यापेक्षा ते स्वस्त आणि सुखाचं. दिवस मात्र जातील, सीझनमध्ये ते परवडतं का हे आधी बघा.

कुठल्याही मार्गानं काढलात तरी लगेच सवारी घेऊ नका. काठावर नळ लावून इंजिन धुणार असाल तर बहुतेक बनावटींत इंजिन आधी सुरू करायचं, मग पाणी सोडायचं. थांबवताना पाणी आधी बंद. उलट केलं तर पाणी सिलिंडरपर्यंत जातं. मग रिकामी बोट पाण्यात घालून हळू चालवा. यातल्या बहुतेक बोटींना थंडाव्याचं पाणी पंपातूनच मिळतं, म्हणून तापमानाचा इशारा वाजतो का याकडे कान ठेवा. रेस वाढते पण बोट पुढे सरकत नसेल, तर आत धागे उरलेत किंवा कडं खरवडलंय. दहा मिनिटांनी बोटीचा तळ उघडून, पाणी आत येतंय का हे बघायला, हात फिरवा. आमच्या बोटीत त्या दिवशी तळ कोरडा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा पाण्यात घातली, आणि तो मुलगाच चालवायला बसला.