वेगळा पेपर की स्टुडिओतच? भावी डिझायनरना कपड्यांचं समाजशास्त्र कुठे शिकवावं

अभ्यासक्रम नव्यानं बांधायला बसलं की हा प्रश्न येतोच. फॅशनची संस्कृती आणि समाजशास्त्र यांना स्वतंत्र पेपर द्यायचा, की हा विषय स्टुडिओच्या तासांतच मुरवायचा? मी दोन्ही तऱ्हांनी शिकवलं आहे. एकच निवडायची वेळ आली तर मी स्टुडिओ निवडेन, पण एका अटीवर. अट शेवटी सांगतो.

आधी पेपरची बाजू, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेननी 1899 मध्ये दिखाऊ उपभोगाबद्दल लिहिलं. ऐपत मिरवायला कपडे सर्वांत सोयीचे, कारण ते पहिल्या नजरेत दिसतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ सिमेलचा फॅशनवरचा 1904 चा निबंध सांगतो, की वरचा वर्ग एखादी तऱ्हा उचलतो, खालचा तिची नक्कल करतो आणि तोवर वरचा ती टाकून पुढे गेलेला असतो. 1969 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ब्लूमरनी यातल्या त्रुटीवर बोट ठेवलं. पॅरिसच्या शोमध्ये त्यांना दिसलं, की एकमेकांचे स्पर्धक असलेले खरेदीदार आपापलं ठरवूनही शंभराहून जास्त नमुन्यांतून जवळपास तेच मोजके उचलतात. त्यांच्या मते ही श्रीमंतांची नक्कल नव्हती, येऊ घातलेली आवड सगळेच हेरत होते. हा वाद सलग वाचावा लागतो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात पॅटर्न कापता कापता तो डोक्यात शिरत नाही.

पेपरचं दुखणं वेगळंच आहे. सिमेलवर पाच पानं लिहिणारी मुलगी दुसऱ्या दिवशी मूडबोर्डवर, म्हणजे डिझाइनच्या कल्पनांची चित्रं लावायच्या फळ्यावर, कुठल्याशा जमातीचा विधीचा पोशाख ‘एथनिक’ म्हणून चिकटवते. तो कोणाचा, कधी घालतात, कोणी घालायचा नसतो, काही पत्ता नाही. परीक्षेचं परीक्षेत राहतं आणि कात्रीचं कात्रीपाशी.

आता स्टुडिओत एक वापरलेली जीन्स उलटी करून टेबलावर टाका. खिशाच्या कोपऱ्यांवर रिव्हेट, म्हणजे धातूच्या छोट्या खिळ्या दिसतील. शिंपी जेकब डेव्हिस आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना त्याचं पेटंट मिळालं 1873 मध्ये. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांच्या पँटी खिशापाशी उसवू नयेत, एवढाच हेतू. मग जीन्स सुलटी करा आणि मांडीवरचा फिकट पट्टा बघायला सांगा. हा वापरून आलाय की कारखान्यात आणलाय? अंगावर आलेला फिकेपणा बसण्या-उठण्याच्या सुरकुत्या धरून वेडावाकडा असतो. कारखान्यातला बहुधा दोन्ही पायांवर सारखाच. असे पट्टे पाडायला वाळूचा फवारा मारत. त्या धुळीनं तुर्कस्तानात कितीतरी कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडला, काही दगावले, आणि 2009 मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली.

वीतभर कापडावर एका मजुराचा पोशाख, त्याची झीज विकत घेणारं गिऱ्हाईक आणि ती झीज पाडताना फुप्फुसं गमावलेला दुसरा मजूर असे तिघं भेटतात. वर्ग थोडा वेळ गप्प होतो. मग कोणीतरी विचारतंच, की ही तऱ्हा तर खालून वर गेली, मग सिमेल चुकला का? त्या दिवशी ब्लूमर वाचायला दिला तर मुलं खरंच वाचतात.

स्टुडिओची खोट सांगायलाच हवी. शिवण सरळ आली नाही की सगळा तास शिवणीवर जातो, समाजशास्त्र ‘पुढच्या आठवड्यात’. शिवाय पॅटर्न उत्तम शिकवणाऱ्याला व्हेब्लेन माहीत असेलच असं नाही. म्हणून ज्या विभागात स्टुडिओचे शिक्षक सारखे बदलतात किंवा एका शिक्षकामागे पन्नास-साठ मुलं आहेत, तिथे वेगळा पेपरच बरा. तो निदान होतो तरी. सत्रातून एकदा पाहुणा वक्ता बोलावणं हा तिसरा पर्यायही सुचवला जातो, पण त्यातून फोटोंपलीकडे फारसं काही उरत नाही.

शिक्षक टिकून असतील आणि गट पंधरा-वीसचा असेल तर स्टुडिओच. अट अशी, की वाचनाचे तास वेळापत्रकात वेगळे छापा आणि ज्युरीत, म्हणजे सत्राअखेर काम तपासलं जातं तेव्हा, या भागाला शंभरातले निदान पंचवीस गुण ठेवा. आम्ही दहा ठेवले होते. हुशार मुलांनी सरळ हिशेब केला, ते दहा सोडले आणि फिनिशिंगवर बसली.